हसतमुखाने गेलेला लिफ्टवाला

लिफ्टवाला गेला. पाय चिरडला, हाडांचा भुगा झाला, पण पठ्ठ्याच्या तोंडून 'आई गं' सुद्धा निघालं नाही. इंजेक्शन पुढे केलं तर त्याने हात जोडून नको म्हटलं. "ही वेदना वरून आलेली भेट आहे, ती मी अर्धवट कशी घेऊ?" असं म्हणाला, सगळ्यांना क्षमा केली, खिडकीतून आलेल्या उन्हाकडे बघून हसला आणि हसत हसतच त्याने डोळे मिटले. वॉर्डात एकाचाही डोळा कोरडा राहिला नाही.

असो. तर गुरुवारी सकाळी लिफ्टवाला एका सरकारी कचेरीच्या गच्चीवर, मशीनरूममध्ये उकिडवा बसून लिफ्टचा ब्रेक तपासत होता आणि डबा घरी राहिला म्हणून स्वतःवरच चरफडत होता. तब्येत उत्तम होती. जरा लंगडायचा, पण जिना चढताना लंगडायचा आणि जिना चढणं हे त्याच्या धंद्यात कमीपणाचं मानतात, त्यामुळे फारसं अडत नव्हतं.

त्याच्या मरणाचं सगळं श्रेय प्रवचनकारांना होतं.

खरं काय झालं ते थोडक्यात असं. लिफ्टवाला एका इमारतीत लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरून स्प्रिंगला ग्रीस लावत होता. लिफ्ट थांबायला हवी होती तिथून वीतभर खाली आली. त्या वीतभर जागेत त्याचा पाय होता. पुढचे कित्येक दिवस तो हॉस्पिटलात होता आणि त्यातले बरेचसे त्याने ओरडण्यात घालवले. साधंसुधं ओरडणं नव्हे. खालच्या मजल्यावरच्या बाळंतिणींनी तक्रार केली होती की आमच्यापेक्षा जास्त आवाज करणारा हा कोण आहे. नेहमीच्या शिव्या दुसऱ्याच दिवशी संपल्या, तेव्हा त्याने लिफ्टचे सुटे भाग घेऊन नव्या तयार केल्या. हाडांच्या डॉक्टरांना तो "गंजक्या पुली" म्हणाला. देवाला काय म्हणाला ते इथे लिहिता येणार नाही, पण त्यात वंगणाचा उल्लेख होता.

प्रवचनकार त्याला भेटायला एकदाच आले. नेमकं तेव्हाच इंजेक्शन लागू पडलं होतं. लिफ्टवाला जबडा सैल सोडून, तोंडाचा एक कोपरा वर करून, गाढ झोपला होता. प्रवचनकार पाच मिनिटं उभे राहिले, डोळे टिपले, आणि गेले.

पहिल्या शनिवारी प्रार्थनागृहात त्यांनी एवढंच सांगितलं की एवढ्या यातनेतही आपला एक बांधव हसत होता. लोकांना आवडलं. पुढे कधीतरी बांधवाने इंजेक्शन नाकारलं. लोकांना फारच आवडलं. मग गोष्टीला शेवट हवा झाला. जिवंत माणूस गोष्टीत नुसता लोंबकळत राहतो, आज नाही उद्या काहीतरी बोलून बसतो. थंडी सुरू व्हायच्या सुमारास लिफ्टवाला वारला आणि सभागृहातल्या मागच्या रांगेपर्यंत हुंदके ऐकू आले. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही.

मागच्या रांगेत लिफ्टवाला स्वतःच बसला होता. ताई ओढून न्यायची म्हणून तो जायचा. शेजारच्या एका बाईंनी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही ओळखत होता का हो त्यांना?"

"तोंडओळख होती," लिफ्टवाला म्हणाला आणि त्याने रुमाल पुढे केला.

खरं सांगायचं तर त्यालाही वाईट वाटलं होतं. चांगला माणूस होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्याच्या तर मेल्यावर सगळ्याच गेल्या होत्या. शिवाय गोष्टीचा त्रास असा काहीच नव्हता. लोक त्याला मयताचा धाकटा भाऊ समजून आदराने वागवत, आणि ताईला तर पहिल्या रांगेत खुर्ची मिळत होती. मग कशाला उगाच जिवंत असल्याचा बभ्रा करा.

तर त्या गुरुवारी मशीनरूममध्ये फोन वाजला. हॉस्पिटलमधून नर्सबाई बोलत होत्या.

ताई त्याच हॉस्पिटलात होती. पडदे शिवायचं तिचं काम. एका बँकेत पडदे लावताना शिडीवरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत सळई घातली होती. सगळं नीट झालं होतं.

"तुमच्या ताई बेल वाजवत नाहीत," नर्सबाई म्हणाल्या.

"दुखत नसेल."

"मांडीत सळई घातलीय आणि दुखत नसेल? तुमच्या वेळी मला बेलची वायर बदलून घ्यावी लागली होती, आठवतंय का? इंजेक्शन घेऊन गेलं की हात जोडतात. नको म्हणतात. वर हसतात. मला भीती वाटते हो त्या हसण्याची."

"सिस्टर, तिचा स्वभावच सोशिक आहे."

"स्वभाव गेला खड्ड्यात. दुखतं म्हणून श्वास वरच्यावर घेतात, खोकत नाहीत, उठून बसवलं तर दात आवळून पुन्हा आडव्या होतात. छातीत कफ धरलाय, ताप चढलाय. डॉक्टर म्हणाले, पाय एकदम झकास जुळेल, पण असंच चाललं तर पेशंट छातीने जाईल. या आणि समजवा."

लिफ्टवाल्याने 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी दारावर अडकवली आणि निघाला.

ताई खिडकीजवळच्या खाटेवर होती. बेलचं बटण उशीपाशी होतं आणि तिने तोंड मुद्दाम दुसरीकडे केलं होतं, भांडण झालेल्या शेजारणीकडे पाठ करावी तसं. दोन्ही मुठींत चादर. ओठांवर हसू होतं, पण ते तिचं नव्हतं. कुणाचं तरी मागून आणलेलं, मापात न बसणारं.

"ताई, इंजेक्शन घे."

"नको रे. बरं आहे मला."

"उशी घामाने भिजलीय."

"उकडतंय."

"डोक्यावर पंखा आहे."

"पंख्यानेच उकडतंय. तू जेवलास का?"

"माझं जेवण राहू दे. अगं, खोकून दाखव एकदा."

ताईने खोकल्यासारखं काहीतरी केलं. मांजराने शिंकावं तेवढंच. तेवढ्यानेही तिच्या कपाळावरची शीर फुगली.

"हे कुणी शिकवलं तुला?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"शिकवायला कशाला हवं? तुझं उदाहरण आहे ना डोळ्यासमोर."

"माझं? अगं, मी बोंबलत होतो!"

"तू नाही रे. तो."

"तो म्हणजे मीच!"

"तू काहीही म्हण," ताई समजुतीच्या स्वरात म्हणाली. "दर शनिवारी ऐकते मी. तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे."

"तू इथेच बसली होतीस, ह्याच स्टुलावर! मी ओरडायला लागलो की माझ्या तोंडात रुमाल कोंबायचीस!"

"तो घाम पुसायला."

"तोंडात?"

ताई जरा घुटमळली. आठवण कुठेतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकली असावी. मग तिने मान हलवली. "तेव्हाचं मला नीट आठवत नाही. मी घाबरले होते. आता ते सांगतात ना, तेव्हा सगळं स्पष्ट दिसतं. ऊन कसं आलं होतं, तू कसे हात जोडलेस."

"खिडकी उत्तरेला आहे, ताई. ऊन कुठून येणार? आणि तो मेला! मी तुझ्यासमोर उभा आहे!"

"तेच तर. तो मेला तरी कुरकुरला नाही. तू जगलास, आणि अजून कुरकुरतोस."

आपल्याच कैलासवासी रूपाशी तुलना होऊन आपण नापास व्हावं, असा प्रसंग फार थोड्या भावांवर येतो. लिफ्टवाला स्टुलावर बसला. ताई भिंतीकडे बघत हळूच म्हणाली, "मी ओरडले, तर मी काय तोंड दाखवू त्याला?"

"कुणाला?"

"त्याला. आपल्या लिफ्टवाल्याला."

आई गेल्यावर ह्या बाईने लिफ्टवाल्याला वाढवलं होतं, मारलं होतं, आणि त्याची प्रत्येक लबाडी लांबून ओळखली होती. ती आता एका मेलेल्या माणसाला लाजत होती, आणि त्यापायी मरायला निघाली होती. माणसाच्या हातून खून होतात हे त्याला ठाऊक होतं, पण आपण वारल्यानंतर एवढे खतरनाक होऊ असं त्याला वाटलं नव्हतं.

तो तडक प्रार्थनागृहात गेला.

प्रवचनकार मागच्या खोलीत होते. घडीच्या खुर्च्यांच्या थप्प्या, एक बंद पडलेला स्पीकर, आणि टेबलावर थर्मास. प्रवचनकार गळ्याला मफलर गुंडाळून गरम पाणी पीत होते, कारण घसा किंचित खवखवत होता.

"या, या! भाऊ किती थोर होते हो तुमचे!" ते म्हणाले आणि मग जीभ चावली. "म्हणजे, तुम्हीच. सवय झालीय."

लिफ्टवाल्याने सगळं सांगितलं. प्रवचनकारांनी मनापासून ऐकलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं.

"गुरुजी, तुम्ही येऊन तिला एवढंच सांगा की तो ओरडला होता."

"अहो, पण गोष्टीतल्या माणसाला दुखत नसतं. ऐकणाऱ्याचं दुखणं हलकं व्हावं म्हणून तो असतो."

"तिचं जड झालंय."

"पूर्वीचे थोर लोक बघा. एकाला उकळत्या तेलात टाकलं. तो म्हणाला, तेल गार आहे."

"होतं का?"

"काय?"

"गार. कुणी बोट घालून बघितलं का?"

प्रवचनकारांनी पाण्याचा घोट घेतला. "तो श्रद्धेचा भाग आहे. दुसऱ्याची कातडी सोलली, तो गात होता. तिसरीची मुलं डोळ्यांदेखत मारली, तिने आभार मानले."

"मुलांना काय वाटलं?"

"मुलांचा उल्लेख नाही."

"हेच म्हणतो मी. गुरुजी, मी अडाणी माणूस, पण तुमच्याकडे एखादी अशी गोष्ट आहे का, की दोर तुटायच्या आधी कुणीतरी तो तपासला, बदलला, आणि मग काहीच झालं नाही? सगळे आपापल्या मजल्यावर उतरून घरी गेले?"

प्रवचनकारांनी खरंच विचार केला. "त्याला गोष्ट नाही म्हणत हो," ते खेदाने म्हणाले. "त्याला देखभाल म्हणतात."

"मग देव देखभालीला का नाही येत? नेहमी पाय मोडल्यावर बरा येतो, आणि येऊन वर हसायला लावतो!"

"हे पाहा, मी खरं सांगून बघितलं होतं. माझ्या सुरुवातीच्या काळात. एका माणसाच्या पोटात फार दुखत होतं, तो खूप रडला, मग डॉक्टरांनी औषध दिलं, असं सांगितलं. प्रवचनानंतर लोकांनी मला फक्त डॉक्टरांचा पत्ता विचारला." त्यांनी मफलर सारखा केला. "पण तुमच्या ताईंचं वेगळं. चला. मी येतो. सांगतो त्यांना."

आणि ते खरोखर आले. वाटेत त्यांनी घशाची एक गोळीही चघळली.

ताई तशीच पडली होती, फक्त श्वास आणखी आखूड झाला होता. प्रवचनकारांना पाहून तिने हात जोडले आणि ते मापात न बसणारं हसू ओठांवर ओढून घेतलं. प्रवचनकार खाटेच्या पायथ्याशी थांबले. त्यांनी तिच्या घामाकडे पाहिलं, आवळलेल्या मुठींकडे पाहिलं. तोंड उघडलं. लिफ्टवाल्याने कान टवकारले.

"किती शांत!" प्रवचनकार म्हणाले.

"गुरुजी, सांगा ना," लिफ्टवाल्याने कोपर मारलं.

पण प्रवचनकारांचे डोळे भरून आले होते. नाटक नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ते हळूच, स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाले, "एकाच घरातली दोन माणसं... आधी भाऊ... आणि मग त्याच वॉर्डात, त्याच खिडकीशी, त्याचंच स्मरण करत..."

ह्या वाटेने लिफ्टवाला स्वतः गेला होता. पुढची सगळी वळणं त्याला पाठ होती. पण तो निदान प्रवचनातच मेला होता. ताई दोन्हीकडे मरणार होती, आणि प्रवचनात बहुधा आधी.

तेव्हा लिफ्टवाला ओरडला.

आधी कुणाला कळेचना काय झालं. त्याने शेजारच्या रिकाम्या खाटेवर अंग टाकलं, पाय धरला, डोळे गच्च मिटले आणि पोटातून आवाज काढला. सुरुवातीचं अर्धं मिनिट तो नाटक करत होता. मग पायाला काय वाटलं कोण जाणे, पायाने साथ दिली. ती वीतभर जागा, ते लोखंड, तो ग्रीसचा वास, सगळं वर आलं. "आई गं! मेलो! अरे काढा रे कुणीतरी! ए गंजक्या पुली, तुझ्या काउंटरवेटला आग लागो! सिस्टर, इंजेक्शन द्या नाहीतर ही खाट गिळतो! देवा, तू खाली ये, तुला खड्ड्यात उभा करतो आणि वरून लिफ्ट सोडतो! तुझ्या बेअरिंगमध्ये वाळू—"

"हां हां हां!" प्रवचनकार कानांवर हात ठेवत म्हणाले.

खालच्या मजल्यावरून कुणीतरी पाईपवर ठणठण वाजवलं. नर्सबाई ट्रे घेऊन धावत आल्या, दारात थबकल्या, आणि म्हणाल्या, "अगदी तस्सं! जराही फरक नाही!"

ताईने मान वळवली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिने भावाकडे नीट बघितलं. चेहऱ्यावरचं उसनं हसू गळून पडलं होतं आणि खाली नुसती ताई होती, शाळेतून चिखल माखून आलेल्या भावाकडे बघणारी.

"मेल्या," ती म्हणाली. "असाच ओरडायचास. मला सगळ्या वॉर्डाची माफी मागत फिरावं लागायचं. बेअरिंगमध्ये वाळू!"

आणि ती फस्सकन हसली. खरं हसली. खऱ्या हसण्याने पोट हलतं, पोटाने मांडी हलते, आणि मांडीत सळई होती.

ताईने जी किंकाळी फोडली, ती ऐकून लिफ्टवाला गप्प झाला. इतके दिवस साठलेली होती ती, व्याजासकट बाहेर पडली. तिने भावाला शिव्या दिल्या, शिडीला दिल्या, बँकेच्या मॅनेजरला दिल्या, ज्याला पडदे फिकट निळेच हवे होते. मग तिची नजर प्रवचनकारांवर गेली.

"आणि तुम्ही! ऊन आलं म्हणे! खिडकी उत्तरेला आहे! तुमच्या पायावर घाला एक शिलाई मशीन, आणि मग हसून दाखवा मला!"

"द्यायचं का?" नर्सबाईंनी इंजेक्शन वर धरलं.

"विचारता काय! आणा इकडे!"

इंजेक्शन गेलं. थोड्या वेळाने मुठी सुटल्या. नर्सबाईंनी तिला पाठीशी उशा देऊन बसवलं आणि ती खोकली. दणदणीत, खोलवर, अगदी ओंगळ खोकला. लिफ्टवाल्याला वाटलं, ह्याच्याइतकं सुंदर काही प्रार्थनागृहात कधी ऐकलं नव्हतं.

प्रवचनकार व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. मफलर सुटला होता. "शनिवारी आता मी काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"झालं ते सांगा."

"म्हणजे बाई ओरडल्या, इंजेक्शन घेतलं, आणि त्यांना बरं वाटलं? ह्यात देव कुठे आला?"

"सिरिंजमध्ये बघा एकदा."

"बसत नाही हो ते," प्रवचनकार हताशपणे म्हणाले आणि गेले. शनिवारी त्यांनी काय सांगितलं ते लिफ्टवाल्याने ऐकलं नाही. तो वॉर्डात ताईचा हात धरून तिला खाटेपासून खिडकीपर्यंत चालवत होता, आणि ती प्रत्येक पावलाला त्याला नवीन नाव ठेवत होती.

ताप उतरला. मग एका दुपारी ताई बेलचं बटण हातात खेळवत बराच वेळ छताकडे बघत बसली. दोनदा उगाचच वाजवलं. नर्सबाई आल्या, रागावल्या, गेल्या.

"काय रे," ती म्हणाली, "मला ही बेल होती. नाही वाजवली हा माझा गाढवपणा. पण त्या तेलातल्याला कुणी काही दिलं होतं का हातात?"

"त्याचं तेल गार होतं."

"तुझा जसा चेहरा हसरा होता, तसंच ना? कोण जाणे किती ओरडला असेल बिचारा. आणि ती मुलांची आई. आभार मानले म्हणे! एकदा तरी कुणी विचारलं असेल का तिला, बाई, दुखतंय का?" ताईने डोळे पुसले आणि मग नेहमीच्या हुकमी आवाजात म्हणाली, "कागद घे. लिही. अक्षर नीट काढ, कोंबडीच्या पायासारखं नको."

"कुणाला लिहू?"

"प्रार्थनागृहाच्या व्यवस्थापक मंडळाला. आणि एक प्रत वर."

"वर म्हणजे कुठे?"

"ते बघतील त्यांचं ते. लिही."

लिफ्टवाल्याने लिहिलं.

"विषय : प्रवचनांतील यातनाग्रस्तांना बेल पुरवण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती की, आपल्या प्रवचनांत यापुढे ज्या कोणास सोलणे, तळणे, चिरडणे अथवा अन्य प्रकारे थोर करणे आवश्यक वाटेल, त्या प्रत्येकाच्या उशाशी चालू स्थितीतील एक बेल बसवण्यात यावी. सदर बेल वाजल्यास गोष्ट आहे त्या जागी तात्काळ थांबवावी, संबंधितास योग्य मात्रेचे इंजेक्शन द्यावे, आणि ते लागू पडेपर्यंत बोध काढू नये. ज्यांचे हात बांधलेले असतील त्यांच्या बाबतीत ओरडणे हीच बेल समजावी. ही सुविधा आजवर होऊन गेलेल्या सर्वांना, तेलातील इसम व उल्लेख नसलेली मुले यांच्यासह, पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात यावी, व अंमलबजावणीचा अहवाल आम्हांस उलटटपाली मिळावा, ही नम्र विनंती."